एक घर, एक पाणवठा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

संयोजकांनी मला दिलेला विषय फार ऐसपैस आहे. तंत्रज्ञान, ग्राहकाची निवड आणि सार्वजनिक धोरण या तिन्हींवर एका तासात बोलायचे म्हणजे तिन्हींची नुसती नावे घेऊन खाली बसावे लागेल. म्हणून मी आज केवळ पिण्याच्या पाण्याविषयी बोलणार आहे. या एका प्रश्नात यंत्र आहे, बाजार आहे, शासन आहे. आणि आपण स्वतःही आहोत.

आपण कसे आहोत ते आधी सांगतो. या सभागृहाच्या दाराशी नगरपालिकेचा नळ आहे. येताना मी त्याची तोटी फिरवून पाहिली, पाणी आले. सभागृहाच्या मागच्या भिंतीशी वीस-वीस लिटरचे चार जार मांडलेले आहेत. सकाळपासून आपण शंभरएक माणसे येथे आहोत, पण त्या नळाचे पाणी प्यालेला एकही साथी मी पाहिला नाही. मीही प्यालो नाही. व्यवस्था पाहणाऱ्या साथींना मी सहज विचारले, तर ते म्हणाले, "बाहेरगावची माणसे आलीत, उगाच कुणाचे पोट बिघडायला नको." उत्तर समंजसपणाचे आहे, त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. परंतु अशा लक्षावधी समंजस उत्तरांची बेरीज होऊन आज जे सार्वजनिक धोरण तयार झाले आहे, ते मात्र अत्यंत असमंजस आहे. हे कसे होते, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय समजा.

दुसरा प्रसंग माझ्या घरातला. गेली काही वर्षे आमच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे. ते मीच विकत आणलेले आहे. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई जवळच्याच वस्तीत राहतात. एके दिवशी यंत्राची दुरुस्ती चाललेली होती आणि कारागिराला मी तीन हजार रुपये मोजून दिले. ते पाहून बाई म्हणाल्या, "काका, आमच्या वस्तीत येतं ते पाणी तुमच्याच पाइपातलं. मग आम्ही पितो ते चांगलं का वाईट?" साथींनो, मला उत्तर देता आले नाही. चांगले म्हणावे तर मी यंत्र कशासाठी बसवले? वाईट म्हणावे, तर आयुष्यभर समतेची भाषा बोलणारा माणूस आपले पाणी तेवढे गाळून घेतो आणि शेजारच्या मुलांना तेच पाणी तसेच पिऊ देतो, याचा अर्थ काय?

पाणवठ्याच्या प्रश्नाशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचे कागदावर आले. महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. तोही कागदावरच राहिला. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. त्यानंतरचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. सत्तरच्या दशकात बाबा आढावांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम हाती घेऊन गावोगाव पायपीट केली. स्वातंत्र्य मिळून पाव शतक उलटले तरी कायद्याने खुल्या झालेल्या विहिरींवर दलितांची घागर चालत नव्हती, हे त्या मोहिमेने महाराष्ट्राच्या तोंडावर सांगितले. आणि शहरात मृणालताई गोरे होत्या. गोरेगावच्या वस्त्यांमध्ये नळ यावा म्हणून त्यांनी बायकांचे मोर्चे काढले, हंडे घेऊन अधिकाऱ्यांच्या दारात ठाण मांडले; लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' हीच पदवी दिली. १९७७ साली त्या लोकसभेवर निवडून गेल्या तेव्हा ती पदवी दिल्लीपर्यंत पोचलेली होती.

या सगळ्या लढ्यांत एक गोष्ट समान होती. पाणी सर्वांचे, म्हणून पाणवठा एक. आज मात्र महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय वस्तीत जाऊन पाहा: प्रत्येक ओट्याच्या वर भिंतीला एक यंत्र टांगलेले दिसेल. 'एक गाव, एक पाणवठा' याच्या जागी 'एक घर, एक पाणवठा' आला, आणि तो इतक्या निमूटपणे आला की आपल्याला त्याची चाहूलही लागली नाही. पूर्वी पाणवठे वेगळे केले जात ते सक्तीने, म्हणून त्याविरुद्ध सत्याग्रह करता येत असे. आताचे वेगळेपण हप्त्याने विकत घेतलेले आहे. त्याच्याविरुद्ध सत्याग्रह कोणाच्या दारात करायचा?

ही यंत्रे घरोघर आली कशी, हे जरा तपशिलाने पाहिले पाहिजे. कारण रोजच्या बोलण्यातली कितीतरी मते तेथूनच उचललेली आहेत. ऐंशीच्या दशकात घरोघर फिरून जलशुद्धीकरण यंत्रे विकण्याची पद्धत आपल्याकडे रुजली. पुढे आरओ यंत्रे आली आणि तिच्यात एक प्रयोग शिरला. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. विक्रेता येतो, दोन पेले मागतो. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात आपल्या बाटलीतले शुद्ध पाणी. मग दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवून तो बटण दाबतो. मिनिटाभरात नळाचे पाणी पिवळे होते, मग तपकिरी, मग त्यात गाळ तरंगू लागतो. शुद्ध पाणी मात्र स्वच्छच राहते. घरातली माणसे हे पाहून हादरतात. "हे आम्ही इतके दिवस पीत होतो?" यंत्राची ऑर्डर तेथल्या तेथे लिहून होते.

यातली हातचलाखी शाळेतल्या विज्ञानाची आहे. त्या कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि ती कांडीच झिजून तिचे लोखंड पाण्यात उतरते. तो तपकिरी गाळ पाण्यातला नव्हे, विक्रेत्याच्या कांडीतला असतो. दुसऱ्या पेल्यात क्षारच जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि गाळही होत नाही. चांगल्यातल्या चांगल्या विहिरीचे पाणी त्या पेल्यात ओतले तरी ते असेच काळे पडेल. पण हे सांगणारा माणूस त्या वेळी घरात नसतो, आणि विज्ञानाचे शिक्षक असलेल्या माझ्या एका मित्राच्या घरातही ते यंत्र याच प्रयोगानंतर आले, हे मी अंमळ दुःखाने नमूद करतो.

दुसरा शब्द टीडीएस. पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे ते माप. एक लहानशी पेनासारखी वस्तू पाण्यात बुडवली की आकडा दिसतो आणि तो आकडा म्हणजेच पाण्याची शुद्धता, असे आता सर्रास मानले जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी निःशंक चालते आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंतही चालवून घेता येते. सह्याद्रीतील धरणांतून येणारे पाणी मुळातच मृदू. त्याचा आकडा ५०० च्या पुष्कळच खाली असतो. आणि मुख्य मुद्दा हा की ते पेन जंतू मोजत नाही. कॉलऱ्याच्या जंतूंनी भरलेले पाणीही त्या पेनावर उत्तम ठरू शकते. आकडा दिसला की विचार थांबतो, ही आपल्या सुशिक्षित वर्गाची जुनी खोड आहे.

आता यंत्राचे काम. आरओ यंत्रात पाणी दाबाने एका अतिशय बारीक पडद्यातून ढकलले जाते. पाणी पलीकडे जाते, क्षार अलीकडे राहतात. अलीकडे राहिलेले हे क्षारयुक्त पाणी फेकून द्यावे लागते. घरगुती यंत्रात एक लिटर पिण्याचे पाणी मिळवताना साधारण दोन ते तीन लिटर असे वाया जाते. पाच माणसांचे घर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दिवसाला पंधरा लिटर घेते असे धरा. म्हणजे किमान तीस लिटर मोरीत. एखाद्या शहरात अशी एक लाख घरे असतील, तर दररोज तीस लाख लिटर. आता २०१६ चा दुष्काळ आठवा. एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले होते आणि पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी नेले. साऱ्या देशाने ती गाडी वर्तमानपत्रांतून पाहिली. म्हणजे तशा सहा गाड्यांचे पाणी रोज त्या एका शहराच्या मोऱ्यांतून निमूट वाहून जाते, आणि तेही बहुधा ज्या पाण्यातून क्षार काढण्याची काहीच गरज नव्हती त्या पाण्यासाठी! राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली नेमके हेच म्हटले: क्षार ५०० च्या आत असतील तेथे आरओ यंत्रांना मनाई करावी. उत्पादकांची संघटना लागलीच सर्वोच्च न्यायालयात गेली. ग्राहकांच्या वतीने तितक्या तातडीने कोणी कुठे गेल्याचे माझ्या स्मरणात नाही.

आणखी एक गोष्ट, जी फारशी सांगितली जात नाही. नळाच्या पाण्यात पालिका क्लोरीन घालते. तो थोडा शिल्लक राहून नळापर्यंत पोचला पाहिजे, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम, असा दंडक आहे. याचे कारण असे की वाटेत किंवा घरातल्या भांड्यात जंतू शिरले तर त्यांचा बंदोबस्त करणारा पहारेकरी पाण्यातच असावा. आरओ यंत्रातला कोळसा हा क्लोरीन आधीच काढून टाकतो, कारण त्याने पडदा खराब होतो. म्हणून यंत्रातून बाहेर पडलेले पाणी त्या क्षणी शुद्ध असले तरी त्याचा पहारेकरी गेलेला असतो. ते टाकीत, जारमध्ये, टँकरमध्ये साठवले आणि तेथे कोठून घाण शिरली, तर जंतूंना रान मोकळे.

हे पुस्तकी वाटत असेल तर जानेवारी २०२५ मधील पुणे आठवा. सिंहगड रस्त्याच्या परिसरात, महापालिकेत नव्याने आलेल्या गावांतून, गिया बारे नावाच्या दुर्मीळ विकाराचे रुग्ण एकाएकी वाढू लागले. हातापायांतली शक्ती जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागते. पाहता पाहता रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काही दगावले. रुग्णांच्या तपासणीत पोटातून शिरणारे जंतू सापडले आणि संशय पाण्यावर गेला. तेव्हा महापालिकेने पाण्याचे नमुने घेण्यास सुरुवात केली. सार्वजनिक विहिरीवर बोट ठेवले गेलेच. पण त्याबरोबर तेथील खाजगी आरओ प्रकल्पांचे, म्हणजे लोक ज्यांचे पाणी 'शुद्ध' म्हणून पैसे देऊन नेत होते त्या केंद्रांचे नमुनेही घेतले. त्यांतल्या अनेक ठिकाणचे पाणी पिण्यास अयोग्य आढळले आणि ती केंद्रे बंद करावी लागली. नळावर विश्वास नाही म्हणून माणसे जारकडे गेली होती. आणि जारवर कोणाचीच नजर नव्हती. बंद सीलच्या बाटलीला परवाना लागतो, सुट्या थंड जारची जबाबदारी कोणाची हा वाद वर्षानुवर्षे चालू होता. साथ आल्यावर तो एका आठवड्यात मिटला!

त्या वेळी पुण्यात निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि निवडणुका न घेता प्रशासकामार्फत कारभार चालला होता. नळाला गढूळ पाणी आले तर कोणाच्या घरी जाऊन आरडाओरडा करायचा, हेच नागरिकाला ठाऊक नव्हते. मध्यमवर्गाला त्याचे फारसे वाईट वाटले नाही, कारण त्याच्या घरी यंत्र होते. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत गंभीर बाब आहे.

जरा थांबून या मुद्द्याचा विचार करू. "ज्याला परवडते तो यंत्र घेईल, त्यात तुमचे काय गेले?" असे आपल्याला चारचौघांत ऐकावे लागते. वरवर पाहता कोणाचेच काही जात नाही. परंतु सार्वजनिक सेवा नुसत्या पैशावर चालत नाहीत. तिच्यावर अवलंबून असलेल्यांपैकी जे बोलू शकतात, अर्ज लिहू शकतात, अधिकाऱ्याला दूरध्वनी करू शकतात, वर्तमानपत्रात पत्र छापून आणू शकतात, त्यांच्या कटकटीवरही त्या चालतात. असा माणूस नळ सोडून गेला की नळाचा कैवारी गेला. मागे राहतात त्या आमच्या बाईंसारख्या माणसांना पाणी येते तेव्हा कामावर असावे लागते, आणि तक्रार करायला गेले तर एक दिवसाचा खाडा पडतो. शाळांचे असेच झाले, एसटीचे असेच झाले, सरकारी दवाखान्याचे असेच झाले. मग सेवा आणखी ढासळते, आणि ती ढासळलेली पाहून लोक म्हणतात, "पाहा, सरकारी ते सगळे असेच." आपणच सोडलेल्या घराची भिंत पडली म्हणून आपण तिला नावे ठेवतो.

पैशाचाही हिशेब पाहा. बाटलीबंद पाणी साधारण वीस रुपयांना लिटर. म्हणजे हजार लिटरला वीस हजार रुपये. मुंबई महापालिका घरगुती वापराचे हजार लिटर पाणी दहा रुपयांहून कमी दरात देते, तेही भातसा-वैतरण्यापासून शंभरएक किलोमीटर वाहून आणून. दोन हजार पटींचा फरक! तरी "नळपट्टी फार झाली" अशी तक्रार करणारा गृहस्थ हातात बाटली धरूनच ती करतो. फुकट दिलेल्याची किंमत राहत नाही, असे सांगणाऱ्या विद्वानांना मी एवढेच विचारीन की दोन हजार पट किंमत मोजल्यावर आपण त्या बाटलीतल्या पाण्याचा तपासणी अहवाल कधी मागितला होता काय?

येथे आपल्या स्वतःच्या इतिहासातली एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १९७७ साली जनता सरकारच्या काळात कोकाकोला कंपनीने देश सोडला. भागभांडवल कमी करा आणि पेयाचे गुपित उघड करा ही अट तिला मान्य नव्हती, आणि उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस मागे हटले नाहीत. आपल्याला त्याचा अभिमान वाटला आणि तो गैर नव्हता. सरकारने स्वतःचे 'सत्त्याहत्तर' नावाचे पेयही काढले. ते काही फार दिवस टिकले नाही. १९९३ साली कंपनी परत आली आणि पुढे तर चक्क पाणीच विकू लागली. आपण एका पेयाला बाहेरचा रस्ता दाखवला, पण प्रत्येक स्थानकावर, प्रत्येक बाजारात भरवशाचा नळ उभा करण्याचे काम मात्र तितक्या ईर्षेने केले नाही. ती मोकळी जागा बाटलीने भरून काढली. बहिष्काराचे राजकारण आपल्याला जमते, व्यवस्था चालवण्याचे राजकारण कंटाळवाणे वाटते, हा आपला दोष मी मान्य करतो.

मी यंत्राच्या विरुद्ध आहे असा गैरसमज मात्र कोणी करून घेऊ नये. आरओचा पडदा सुमारे १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील एका सार्वजनिक विद्यापीठात सिडनी लोब आणि आपल्याकडून गेलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी तयार केला. खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करून ते गावाला पुरवावे, हा त्यामागचा हेतू. आपल्या अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जो खारपाण पट्टा आहे, तेथील भूजल खरोखरच पिण्यालायक नाही. तेथे माणसांनी पिढ्यान्पिढ्या ते पाणी प्यायले आणि मूत्रपिंडे गमावली. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत फ्लोराइडने मुलांचे दात आणि म्हाताऱ्यांची हाडे गेली. अशा गावी ग्रामपंचायतीने चालवलेले सामुदायिक आरओ केंद्र म्हणजे वरदान आहे. तेथे ते अपुरे आहे, बंद पडलेले आहे, पडदा बदलायला पैसे नाहीत, अशीच बहुधा स्थिती असते. म्हणजे जेथे गरज आहे तेथे यंत्र नादुरुस्त, आणि जेथे धरणाचे गोडे पाणी येते तेथे दर घराला एक! बाजाराला खारे पाणी दिसत नाही, ऐपत दिसते.

आणि नळाचे पाणी मुळात खराब का होते? धरणाजवळच्या शुद्धीकरण केंद्रातून ते बहुधा चांगलेच निघते. बिघडते ते वाटेत. दिवसातून तास-दोन तास पाणी सोडण्याची आपली रीत याचे मोठे कारण आहे. पाणी बंद असते तेव्हा नळी रिकामी होते, तिच्यातला दाब जातो आणि जेथे जेथे गळती आहे तेथून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. मग पहिली दहा मिनिटे गढूळ पाणी येते. यावरचा उपाय घरातल्या भिंतीवर टांगता येत नाही. तो रस्त्याखाली आहे. तो होऊ शकतो याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. कराडला लागून असलेल्या मलकापूर या लहानशा गावात २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी देण्याची योजना सुरू झाली. नळ्या बदलल्या, घरोघर मीटर बसवले, आणि थोडे वापरणाऱ्याला कमी दर व उधळणाऱ्याला चढता दर ठेवला. पाणी सतत असल्याने कोणी साठवून ठेवीना, शिळे म्हणून ओतून देईना. मीटर म्हटले की आपल्यापैकी काहींच्या भुवया चढतात, हे मला माहीत आहे. नागपुरात २०१२ पासून साऱ्या शहराचा पाणीपुरवठा खाजगी चालकाच्या हाती गेला, त्यामुळे चोवीस तास पाणी आणि खाजगीकरण ही जोडगोळीच आहे असे आपण धरून चालतो. मलकापूरने ती जोडगोळी फोडली. ओडिशात पुरी शहराने २०२१ साली नळाला तोंड लावून प्यावे असे पाणी चोवीस तास देण्याची घोषणा करून ते सुरू केले, तेही सरकारी यंत्रणेनेच.

मागे एका सभेत एका तरुण साथीने मला विचारले होते, "म्हणजे तुम्ही लोकांना यंत्रे काढून टाका म्हणून सांगणार?" नाही. पावसाळ्यात वस्तीत जुलाबांची साथ असताना पाणी उकळून प्या, असेच मी सांगेन. आपल्या मुलाचे पोट सिद्धांतासाठी पणाला लावा, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझ्या घरातले यंत्रही अजून तेथेच आहे, हे मी लपवीत नाही. पण घरात यंत्र असले म्हणून रस्त्याखालच्या नळीवरचा आपला हक्क आणि जबाबदारी संपत नाही, एवढे तरी आपण कार्यकर्त्यांनी अंगी बाणवले पाहिजे.

त्यासाठी लागणारी हत्यारे आपल्याजवळ आहेत आणि ती अगदी साधी आहेत. महाराष्ट्रात आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावोगावच्या पाणीस्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देतो. पाच वर्षे साथ नसेल तर चंदेरी. आपल्या तालुक्यात कोणत्या गावांना लाल कार्ड आहे, हे या सभागृहातल्या किती जणांना सांगता येईल? हात वर करा म्हणत नाही. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. त्याने रोज ओटी चाचणी करून नोंदवहीत लिहायचे असते. नळाचे पाणी लहान नळीत घेऊन दोन थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचला आहे, नाही आला तर नाही. टीसीएल पावडरचे पोते वर्षभर उघडे पडून त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि नोंदवहीत मात्र रोज 'ओटी पॉझिटिव्ह' लिहिलेले असते, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ती नोंदवही मागण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामस्थाला आहे. शहरात प्रभागवार पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल असतात. ते दरमहा मागून प्रभागाच्या फलकावर लावता येतात. 'हर घर जल'च्या नावाने २०१९ पासून नळ जोडले गेले, माणशी ५५ लिटरचे वचन दिले गेले, योजनेची मुदत आता २०२८ पर्यंत नेली आहे. तोटी आहे पण पाणी किती दिवसांआड येते, याची यादी गावागणिक आपणच करायला हवी.

मृणालताईंच्या मोर्च्यांतल्या बायका रिकामे हंडे घेऊन जात. आता हंडा रिकामा नसतो, त्यात काय आहे ते पाहावे लागते. काम थोडे बदलले आहे, एवढेच.

उद्या सकाळच्या सत्रात आपले एक साथी, जे निवृत्त आरोग्यसेवक आहेत, ओटी चाचणीची पेटी घेऊन येणार आहेत. ती कशी करायची हे प्रत्येकाने हाताने करून शिकायचे आहे. मी त्यांना सांगितले आहे की पहिला नमुना दाराशी असलेल्या त्या नळाचा घ्या आणि दुसरा मागच्या भिंतीशी ठेवलेल्या जारचा. दोन्हींचे निकाल फळ्यावर लिहू. नळाला पिवळा रंग आला, तर दुपारचे जार सांगू नयेत अशी माझी संयोजकांना विनंती आहे. आणि नाही आला, तर जेवणाआधी आपण सगळे मिळून नगरपालिकेत जाऊ. कचेरी येथून चालत दहा मिनिटांवर आहे.